पौषात चालणारा कूलर

मित्रांनो, कूलरने पौष महिन्यात बोलू नये. कूलरचा बोलायचा काळ होळी पेटल्यापासून मृग लागेपर्यंत. बाकीचे दिवस त्याने गच्चीवर ताडपत्री पांघरून गप पडावे, पोटात चिमण्यांनी घरटे केले तर करू द्यावे आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी. आमच्या अकोल्यात हे पोरासोरांनाही ठाऊक असते. मी एक जुना, गंजका, लोखंडी कूलर आहे, आणि माझ्या नशिबी मात्र हिवाळेच जास्त आले. ते कसे आले, तेच आज सांगायचे आहे. गोष्ट गोड नाही, पण शेवटी माझे तुमच्याकडे एक काम आहे, म्हणून पूर्ण ऐका.

माझा जन्म शालिकराम मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आजकालचे प्लॅस्टिकचे कूलर खोक्यातून निघतात, खेळण्यांसारखे चाकांवर फिरतात आणि दोन उन्हाळ्यांत मान टाकतात. मी तसल्यांपैकी नव्हे. जाड पत्रा, लोखंडी अँगलची चौकट, तीन बाजूंना गवताच्या ताट्या आणि पोटात भली मोठी मोटर. शालिकराम हातोडी मारता मारता माझ्याशी बोलायचा. "तुले असा बनोतो गड्या, का सूर्यबी पस्तावला पायजे," असे तो म्हणाला आणि त्याने मला निळा रंग दिला. तो शब्दाला जागला, हे मला सांगितलेच पाहिजे.

मला न्यायला नारायणराव वकील आले. घराणे मूळचे भिक्षुकांचे, पण आजोबांच्या पोथ्या वडिलांनी बासनात बांधल्या आणि मुलाला काळा कोट घातला. शालिकरामने मोटर चालू करून दाखवली. "आवाज थोडा जास्त करते साहेब, पन हवा पाहा," तो म्हणाला. नारायणराव म्हणाले, "आवाजाचं काही नाही. गारवा पाहिजे."

पुढे त्यांना गारवा नको झाला आणि आवाजच हवा झाला. पण ते नंतर.

नारायणरावांच्या बंगल्याच्या एका बाजूला अरुंद बोळ आहे. मागच्या खोलीची खिडकी त्या बोळात उघडते. त्या खिडकीत मला बसवले. माझे तोंड खोलीत आणि पाठ बोळात. सुरुवातीचे उन्हाळे आठवले की मला अजून बरे वाटते. दुपारी आमरस झाला की सगळे घर माझ्यापुढे सतरंजी टाकून आडवे व्हायचे. अमरावतीचे पाहुणे म्हणायचे, "नारायणराव, तुमच्या घरात तर महाबळेश्वर आहे." मी छाती फुगवून फिरायचो.

घरात शुभंकर आणि निधी अशी दोन मुले होती. निधीला एक खोड होती, आणि ती तुम्हालाही असणार. ती माझ्या जाळीला तोंड लावायची आणि लांबलचक "आ" करायची. माझी पाती तिचा आवाज कापून कापून बाहेर टाकायची. त्या तुटक आवाजाला ती खदखदून हसायची. तिची आई अनुपमाबाई ओरडायच्या, "निधी, सर्दी होईल." सर्दी तिला कधी झाली नाही. त्या घरात माझ्याशी असे बोलणारी ती एकटीच होती. ती मला फार आवडायची, हे लपवून काय करू?

निधी कॉलेजसाठी अमरावतीला गेली आणि दुसऱ्याच वर्षी घरी परत आली. तिच्या डोक्यात माणसे बोलायला लागली होती. जवळ कोणी नसताना तिला कोणी रागवायचे, कोणी हाक मारायचे. अमरावतीच्या एका डॉक्टरांनी सांगितले की हा आजार आहे, जसा मधुमेह असतो तसा, आणि गोळ्या रोज घ्यायच्या. तिने घेतल्या. हळूहळू ती माणसे गप झाली. निधी पुन्हा हसायला लागली, शेजारच्या मुलांना गणित शिकवायला लागली. गोळ्यांचे पाकीट फ्रिजवर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेले असायचे. घरातली औषधे आपल्याकडे तिथेच असतात.

मग शुभंकरसाठी मुली पाहायला सुरुवात झाली. एका स्थळाकडची मंडळी घर बघायला आली आणि त्यातल्या एका बाईंनी ते पाकीट उचलून नाव वाचले. मग ते जागेवर ठेवून दिले. आठवड्याने निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

नारायणरावांना त्या दिवशी जेवण गेले नाही. त्यांच्या लहानपणी त्यांची एक आत्या अशीच होती. तिला घरच्यांनी दूरच्या एका देवस्थानी नेले आणि तिथेच सोडून परत आले. भिंतीवरचा तिचा फोटो उतरला, तिचे नाव घ्यायची बंदी झाली. "आपल्या घरात वेड आहे हे कळलं तर आपल्या दारात कोणी पाऊल ठेवणार नाही," एवढेच त्यांना शिकवले गेले होते. कोर्टात दुसऱ्यांची भीती उलटतपासणीत खोडून काढणारा माणूस, पण स्वतःच्या भीतीला त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

"आता बरीच आहे की ती," ते अनुपमाबाईंना म्हणाले. "लग्न होईपर्यंत गोळ्या बंद ठेवू. मेडिकलवाला ओळखीचा आहे, उगाच गावभर होईल."

गोळ्या बंद झाल्या, मित्रांनो, आणि ती माणसे परत आली.

निधीला मागच्या खोलीत ठेवले. बाहेरून कडी, कडीला कुलूप, आणि किल्ली अनुपमाबाईंच्या मंगळसूत्राला पिनेने अडकवलेली. लोकांना सांगितले की निधी बंगलोरला नोकरीला लागली. निधी दार बडवायची. ती शिव्या देत नव्हती, कोणाला मारायला धावत नव्हती. ती एकच गोष्ट मागायची. "आई, माझी गोळी दे ना. ते लोक पुन्हा बोलून राहिले गं." जिला जग वेडी म्हणाले असते, तिला आपले औषध नेमके ठाऊक होते. बाहेरच्या तीन शहाण्यांना ते समजत नव्हते.

उन्हाळा होता. मी चालू होतो. बोळात दोन बायका बोलत गेल्या आणि त्यांना आतले काही ऐकू आले नाही. हे नारायणरावांनी पाहिले. मग मृग लागला, सगळ्या गल्लीतले कूलर उतरले, आणि मला उतरवायला कोणी आले नाही. पाण्याचा पंप तेवढा बंद केला. मी सुकाच फिरत राहिलो. पाऊस गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. थंडी पडली. निधी एका कोपऱ्यात वाकळ पांघरून बसायची आणि मी तिच्या अंगावर गार वारा सोडायचो. माझे तोंड दुसरीकडे वळवायची मला सोय नव्हती. अनुपमाबाई ताट घेऊन येत, निधीचे केस विंचरत, डोळे पुसत, आणि जाताना माझे बटण चालू आहे ना, ते पाहून जात.

स्वयंपाकाला येणाऱ्या दुर्गाबाईने एकदा विचारले, "बाई, थंडीत कूलर काहून चालू हाय?"

"मोटर जाम होते ना, म्हणून," अनुपमाबाई म्हणाल्या.

"आमच्या घरचा तं दिवाईपासून कोंबड्याइचा खुराडा होते. कधी जाम नाई झाला." दुर्गाबाईने एवढे बोलून पोळ्या लाटायला घेतल्या. पोट हातावर असले की माणूस एकदाच विचारतो.

घर बदलत गेले. माझ्या आवाजावरून बोलायचे म्हणून सगळे आधी मोठ्याने बोलायला लागले, मग कमी बोलायला लागले, मग बोलेनासे झाले. शुभंकर बँकेतून आला की मोबाइलच्या दोन्ही तारा कानात घालून बसायचा. सगळे ठाऊक असून ठाऊक नसल्यासारखे वागणे त्याला छान जमले होते. अनुपमाबाई देवापुढे बसल्या की स्तोत्राची ओळ विसरायच्या आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायच्या. नारायणराव जेवताना घास हातात धरून थांबत आणि विचारत, "ती ओरडली का?" ती ओरडलेली नसायची. वेड कुलपात बंद केले आहे अशी त्यांची समजूत होती. ते जाळीतून येते जाते, हे मला खिडकीत बसून दिसत होते.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे लाइन जाण्याची. वीज गेली की मी थांबायचो आणि निधीचा आवाज एकदम उघडा पडायचा. नारायणराव धावत दाराशी येत. त्यांनी तिच्यावर कधी हात टाकला नाही. ते दाराला तोंड लावून दबक्या आवाजात म्हणत, "निधी, तुला आम्हाला विष प्यायला लावायचं आहे का? गप बस." त्याने ती जास्तच घाबरायची, तोंडात ओढणी कोंबायची. मी थांबलो की बाबा येतात आणि विष म्हणतात, एवढे तिच्या मनात पक्के बसले.

हळूहळू निधीने दार बडवणे सोडले. ती माझ्याजवळ येऊन बसायची, जाळीला कपाळ लावायची आणि माझ्यासारखा आवाज काढायची. लहानपणचा "आ" नाही, तर माझाच घरघराट, खालच्या पट्टीतला, मध्येच थोडा अडखळणारा, कारण माझे एक पाते वाकले आहे. तेवढे अडखळणेही ती बरोबर घ्यायची. मला वाटले, पोरगी जुना खेळ खेळते आहे. मला बरे वाटले होते.

मार्गशीर्षात शुभंकरचे लग्न झाले. सून श्रावणी शेंदूरजनाघाटच्या एका शिक्षकांची मुलगी. करवलीचा मान नणंदेचा असतो, पण नणंद बंगलोरला, सुट्टी मिळाली नाही म्हणे, तेव्हा कुठली तरी चुलतबहीण कऱ्हा घेऊन उभी राहिली. श्रावणीने पहिल्याच आठवड्यात माझ्याबद्दल विचारले आणि तिलाही मोटर जाम होण्याचे उत्तर मिळाले. खोलीत वकिलीच्या जुन्या फायली आहेत असे तिला सांगितले गेले. तिने मान हलवली. पण माहेरून आलेल्या करंडीतली संत्री सासूबाई रोज दोन उचलतात आणि कोणी खाताना दिसत नाही, हे तिने हेरले होते.

मग संक्रांत आली. नव्या सुनेची पहिली संक्रांत, म्हणजे काळी साडी, हलव्याचे दागिने आणि संध्याकाळी घरभर हळदीकुंकवाच्या बायका. घरात इतकी माणसे कितीतरी दिवसांनी येणार होती. नारायणरावांनी सकाळीच येऊन माझे बटण तपासले. "आज हा बंद पडता कामा नये," ते अनुपमाबाईंना म्हणाले.

आणि त्याच दुपारी मी जळालो.

इतके महिने विश्रांती नाही, तेल नाही. मोटर आधी तापली, मग वास आला, मग माझी पाती एक एक फेरा कमी करत थांबली. मला वाटले, आता झाले. आता सगळ्यांना ऐकू येईल. निधीसाठी मला आनंदच झाला होता, खोटे कशाला बोलू.

पण घरघराट थांबला नाही.

मी थांबलो होतो आणि माझा आवाज चालू होता. निधी जाळीला कपाळ लावून बसली होती, डोळे मिटलेले, आणि तिच्या गळ्यातून मी वाजत होतो. वाकलेल्या पात्याच्या अडखळण्यासकट. तेव्हा मला त्या खेळाचा अर्थ समजला. कूलर थांबला की बाबा येतात. म्हणून तिने कूलर थांबूच दिला नाही. मागे लाइन जायची तेव्हाही बहुतेक तिने हेच केले असेल आणि घरात कोणाला कळले नसेल. रोजचा आवाज कोणी कान देऊन ऐकत नाही. तो आहे असे धरून चालतात.

बायका जमायला लागल्या. बसायला कमी पडले म्हणून श्रावणी बोळात वाळत घातलेली सतरंजी आणायला आली. माझ्या पाठीजवळून जाताना ती थबकली. कूलर चालू असला की तो वारा ओढतो आणि जवळून गेलेल्या बाईचा पदर गवताच्या ताटीला चिकटतो. श्रावणीचा पदर चिकटला नाही. तिने हात लावून पाहिला. ताटी गप. तिने गवत थोडे बाजूला केले आणि आत डोकावली. माझी पाती स्थिर होती. त्यांच्या पलीकडे, जाळीला टेकलेले एक तोंड होते आणि त्या तोंडातून कूलरचा आवाज येत होता.

श्रावणी किंचाळली नाही. तिने गळ्यातला हलव्याचा हार हाताने बाजूला धरला आणि ती आणखी जवळ वाकली. तिने हळूच विचारले, "निधीताई?"

आवाज क्षणभर अडखळला. वाकलेल्या पात्याचे ते अडखळणे नव्हते. मग पुन्हा सुरू झाला.

श्रावणीने सतरंजी तिथेच टाकली. त्यानंतरचे मला दाराआडून ऐकू आले. तिने तिळगुळाचे ताट घेतले आणि भरल्या घरातून सरळ मागच्या खोलीच्या दारापाशी येऊन उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "निधीताईंना तिळगूळ द्यायचा राहिला. किल्ली द्या."

"ती बंगलोरला आहे ना गं," अनुपमाबाई म्हणाल्या. मग त्या पुन्हा म्हणाल्या, "बंगलोरला आहे ना गं." स्तोत्राच्या ओळीसारखे त्यांनी ते आणखी एकदा म्हटले.

"आई, मंगळसूत्राला आहे किल्ली. मी काढून घेऊ का?"

कोणीतरी बाई म्हणाली, "अनुपमाताई, द्या हो." मग पिन उघडल्याचा बारीक आवाज आला.

दार उघडले. दारात काळ्या साडीतली श्रावणी, तिच्यामागे कुंकवाने भरलेली सगळी कपाळे. निधी माझ्याशी टेकून तशीच घरघरत राहिली. तिचे केस नीट विंचरलेले होते आणि पायाशी संत्र्यांच्या साली होत्या. एवढ्या जणींचे डोळे अंगावर असूनही तिला थांबायचे धैर्य होत नव्हते. श्रावणी तिच्यापाशी खाली बसली, तिळगुळाची एक वडी तिच्या ओठांशी नेली आणि म्हणाली, "घ्या ना. गोड बोलायचं नसेल तर नका बोलू. नुसता घ्या."

निधीने वडी तोंडात घेतली. खाण्यासाठी तिला थांबावे लागले. घर अगदी शांत झाले.

त्या शांततेत बाहेरच्या बैठकीतून नारायणरावांचा ओरडा आला. "कूलर कोणी बंद केला?"

मित्रांनो, त्या वाक्यानंतर त्या घरात सांगण्यासारखे फारसे उरले नाही. श्रावणी निधीला आपल्या माहेरी घेऊन गेली. शुभंकर मान खाली घालून मागून गेला आणि पुढे त्याने बदली करून घेतली. अमरावतीचे तेच डॉक्टर, त्याच गोळ्या. निधी आता संत्र्याच्या बगिच्यात फिरते, थोडे बोलते. गोळ्या उशिरा सुरू झाल्या की जे गेले ते सगळे परत येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. उन्हाळ्यात शेजारी कोणी कूलर लावला की ती अजून दोन्ही हातांनी तोंड दाबून बसते. अनुपमाबाई त्याच वर्षी वारल्या. निमित्त काविळीचे झाले.

नारायणराव उरले आणि मी उरलो. माणसांनी त्यांना वाळीत टाकले असे काही झाले नाही. लोक विसरले, जसे ते नेहमी विसरतात. ज्या भीतीने त्यांनी हे सगळे केले, ती इतकी पोकळ होती. पण नारायणरावांना शांतता सहन होईना. शांत झाले की त्यांना निधी गोळी मागताना ऐकू यायची. त्यांनी माझी मोटर नवी भरून आणली, मागच्या खोलीत खाट टाकली आणि दाराला आतून कडी लावून घेतली. उन्हाळा असो की हिवाळा, मी चालूच. दुर्गाबाई डबा पायरीवर ठेवून जायची. शुभंकर फोन करायचा, पलीकडून घरघर ऐकायचा आणि म्हणायचा, "बरं आहे बाबा, कूलर चालू आहे," आणि फोन ठेवायचा.

या पौषात दुर्गाबाई लेकीच्या बाळंतपणाला हिवरखेडला गेली आहे. आणि मी पुन्हा जळालो आहे. या वेळीही आधी वास आला, मग पाती थांबली. खोलीतला आवाज मात्र थांबलेला नाही. तो नारायणरावांचा आहे. ते माझ्या जाळीला कपाळ लावून बसले आहेत. काल आवाज मोठा होता, आज बारीक झाला आहे.

तुमच्या शाळेच्या निबंधांत बोलणारी माझ्या जातीची मंडळी शेवटी तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा, आमचा गंज काढा, तेलपाणी करा. मला त्यातले काही नको. मला खुशाल भंगारात घाला. माझे काम वेगळे आहे. तुम्ही शाळेत जाताना या बोळातून जाता, तुमची दप्तरे माझ्या पत्र्याला घासतात. उद्या जाताना जरा थांबा आणि माझ्या गवताला हात लावून पाहा. आणि या बोळातच नाही, कुठेही थंडीत कूलर चालू दिसला तर हेच करा. वारा ओढला जात नसेल आणि आवाज मात्र येत असेल, तर तो आवाज कूलरचा नाही. घरच्या मोठ्या माणसांना बोलवा आणि दार वाजवा.